‘पॉझिटिव्ह’ एवढ्यावर न थांबणारा रिपोर्ट : सांगलीतील एका पॅथॉलॉजी लॅबबद्दल

स्तनाच्या कर्करोगात संप्रेरक ग्राहींची, म्हणजे रोजच्या बोलण्यात रिसेप्टरची, तपासणी कुठे करावी, असा प्रश्न सांगली-मिरज परिसरातील कुटुंबांना वारंवार पडतो. बहुतेक वेळा त्याचे उत्तर रुग्णालयच ठरवते आणि नातेवाइकांच्या हाती फक्त पावती येते. विश्रामबागच्या बाजूला असलेल्या या लॅबचा अनुभव आम्ही माझ्या थोरल्या नणंदेच्या निमित्ताने घेतला. लॅबच्या सेवेत त्रुटी आहेत आणि त्या मी पुढे लिहिणारच आहे. तरीही रिसेप्टरच्या रिपोर्टपुरते बोलायचे झाले, तर या लॅबवर विश्वास ठेवायला हरकत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. कनिष्ठ महाविद्यालयात मी बरीच वर्षे जीवशास्त्र शिकवले असल्यामुळे रिपोर्ट वाचताना मी जरा जास्तच चिकित्सा करते, हे आधीच सांगून ठेवते.

वन्सं तासगावच्या. वय अठ्ठावन्न, पाळी जाऊन बरीच वर्षे झालेली. गाठीचा तुकडा पहिल्यांदा तपासला तो दुसऱ्याच एका ठिकाणी, आणि तिथून आलेल्या रिपोर्टमध्ये तीन ओळी होत्या : ईआर (इस्ट्रोजेनचा ग्राही) पॉझिटिव्ह, पीआर (प्रोजेस्टेरॉनचा ग्राही) निगेटिव्ह, हर-टू (पेशीच्या पटलावरचा, वाढीचे संकेत देणारा ग्राही) दोन प्लस. टक्केवारी नाही, रंग किती गडद आला त्याची नोंद नाही, नियंत्रण स्लाइडचा, म्हणजे रंगकाम बरोबर झाले का हे पडताळणाऱ्या स्लाइडचा, उल्लेख नाही. मिरजेच्या कर्करोगतज्ज्ञांनी तो कागद बाजूला ठेवला आणि शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठीच्या ब्लॉकवर (मेणात बसवलेल्या तुकड्यावर) तपासणी नव्याने करून घ्यायला सांगितले. पुढची पाच वर्षे कोणती गोळी चालणार, केमो लागणार की नाही, हर-टूवरची महागडी इंजेक्शने द्यावी लागणार का, हे सगळे या एका कागदावर ठरणार होते. तो कागद तीन ओळींचा असून कसे चालेल?

या लॅबचे वेगळेपण काउंटरवरच कळते. नमुन्यासोबत भरायच्या अर्जात दोन रकाने आहेत : ऊती शरीरातून काढल्याची वेळ आणि फॉर्मलिनमध्ये, म्हणजे ऊती टिकवणाऱ्या द्रावणात, टाकल्याची वेळ. आमच्या अर्जात ते रिकामे होते. काउंटरवरच्या मुलीने अर्ज परत केला नाही. तिने आमच्यासमोरच रुग्णालयाच्या शस्त्रक्रिया विभागाला फोन लावला, नोंदवहीतील वेळा विचारून घेतल्या आणि त्या लाल शाईने भरल्या. मागे रांग लागली होती आणि एक गृहस्थ उघडपणे वैतागले होते. तरी तिने फोन खाली ठेवला नाही. मला ही गोष्ट लॅबच्या दर्शनी भागातल्या मान्यतेच्या प्रमाणपत्रापेक्षा जास्त बोलकी वाटली.

त्या दोन वेळांना एवढे महत्त्व का, हे थोडे सविस्तर सांगते, कारण रिसेप्टरचे अनेक चुकीचे निष्कर्ष मशिनच्या आधी, शस्त्रक्रियेच्या टेबलापासून लॅबपर्यंतच्या वाटेवर तयार होतात. ऊती शरीराबाहेर आली की तिच्यातली प्रथिने बिघडू लागतात. म्हणून ती तासाभराच्या आत फॉर्मलिनमध्ये जावी असा आंतरराष्ट्रीय दंडक आहे. फॉर्मलिनमध्ये ती किमान ६ आणि जास्तीत जास्त ७२ तास राहावी, हा दुसरा. फॉर्मलिन ऊतीत फार सावकाश, साधारण तासाला एक मिलिमीटर या गतीने शिरते, त्यामुळे अख्खा स्तन बरणीत तसाच बुडवून ठेवला तर बाहेरचा भाग टिकतो आणि आत खोल असलेली गाठ रात्रभरात खराब होते. मोठ्या नमुन्याला आधी काप देणे म्हणूनच आवश्यक असते. असे बिघडलेले ऊतक तपासले की ग्राही असूनही ते दिसत नाहीत, आणि जिला साध्या गोळीचा फायदा झाला असता, तिच्या कागदावर ‘निगेटिव्ह’ असा शिक्का बसतो. शनिवारी संध्याकाळी शस्त्रक्रिया झालेल्या आणि सोमवारी दुपारपर्यंत पुरेशा फॉर्मलिनविना पडून राहिलेल्या नमुन्याचे काय होत असेल, याचा विचार वाचकांनीच करावा. या लॅबच्या रिपोर्टवर हे दोन्ही कालावधी छापलेले असतात; मर्यादेबाहेर असतील तर तशी टीपही असते.

आता खुद्द रिपोर्टकडे येते. ईआर : ९० टक्के पेशींमध्ये, गडद, ऑलरेड गुणांक ८ पैकी ८. पीआर : ६० टक्के, मध्यम, गुणांक ६. हर-टू : दोन प्लस, अनिर्णित, फिश तपासणी (जनुकाच्या प्रती मोजणारी) करावी. की-६७ (पेशी विभागण्याच्या वेगाचा निर्देशक) : सुमारे १८ टक्के. प्रत्येक ओळीपुढे वापरलेल्या प्रतिपिंडाचा क्लोन, म्हणजे नेमका प्रकार, आणि बाह्य व अंतर्गत नियंत्रण समाधानकारक असल्याची नोंद. ऑलरेड पद्धतीत किती पेशी रंगल्या याला ५ पर्यंत आणि किती गडद रंगल्या याला ३ पर्यंत गुण असतात. दोन्हींची बेरीज डॉक्टरांसमोर येते. एक टक्का पेशी रंगल्या तरी ईआर तांत्रिकदृष्ट्या पॉझिटिव्हच धरला जातो, मात्र १ ते १० टक्क्यांच्या गटाला २०२० पासूनच्या मार्गदर्शक सूचनांनुसार ‘अल्प पॉझिटिव्ह’ असे वेगळे लिहायचे असते, कारण त्या रुग्णांना संप्रेरकविरोधी गोळीचा किती लाभ होतो याबद्दलचा पुरावा तोकडा आहे. तीन टक्केवाली बाई आणि नव्वद टक्केवाली बाई दोघींच्या कागदावर नुसते ‘पॉझिटिव्ह’ आले, तर उपचार ठरवणाऱ्याने काय समजायचे? आमच्या पहिल्या रिपोर्टबद्दलची माझी मुख्य तक्रार हीच आहे.

पीआरच्या निकालातला फरक आम्हाला सगळ्यात जास्त खटकला होता. आधी निगेटिव्ह, आता ६० टक्के. लॅबच्या पॅथॉलॉजिस्ट डॉक्टर मॅडम ठरलेल्या वेळी नातेवाइकांना भेटतात, आणि या सेवेचे वेगळे पैसे घेत नाहीत. त्यांनी स्लाइड सूक्ष्मदर्शकाखाली लावून पडद्यावर दाखवली. निळसर पार्श्वभूमीवर असंख्य गोल तपकिरी केंद्रके दिसत होती. कडेला, गाठीच्या बाहेर, निरोगी दुग्धनलिकेचा एक छोटा आडवा छेद होता आणि त्यातलीही काही केंद्रके तपकिरी झालेली होती. मॅडमनी बोट तिथे ठेवले. निरोगी नलिकेतल्या काही पेशींमध्ये हे ग्राही असतातच. त्या रंगल्या म्हणजे रसायनांनी काम केले, आणि त्या रंगल्या नसतील तर गाठीच्या निगेटिव्ह निकालावर विश्वास ठेवता येत नाही. पहिल्या बारीक तुकड्यात बहुधा निरोगी भाग आलाच नसावा आणि शिवाय पीआर गाठीत सगळीकडे सारखा पसरलेला नसतो, असे त्यांचे म्हणणे. पहिल्या लॅबवर त्यांनी एका शब्दानेही टीका केली नाही.

वन्सं पडद्याकडे टक लावून बघत होत्या. “हे तपकिरी दिसतंय ते सगळं वाईटच का हो?” असे त्यांनी विचारले. “गाठ वाईट, मावशी. तपकिरी रंग चांगला. तो आहे म्हणून तुम्हाला गोळी चालणार,” मॅडम म्हणाल्या. वन्सं माझ्याकडे वळून म्हणाल्या, “वहिनी, मग हे पहिल्या कागदावर का नव्हतं?” त्याचे उत्तर देण्याची जबाबदारी मॅडमची नव्हती आणि त्यांनी ती घेतलीही नाही.

पुढच्या भागासाठी या लॅबला मी मनापासून गुण देते, कारण पेशीतील संकेतांचा प्रवास त्यांनी रुग्णाला कळेल अशा मराठीत आणि तरीही चुकीचे सोपे न करता सांगितला. इस्ट्रोजेन स्निग्ध पदार्थात विरघळणारे असल्यामुळे पेशीचे पटल ओलांडून सरळ आत जाते. आत ईआर हे प्रथिन त्याला पकडते, अशा दोन प्रथिनांची जोडी जमते, ती डीएनएवरच्या ठरावीक जागी जाऊन बसते आणि पेशीला विभाजनाकडे ढकलणारी काही जनुके सुरू होतात; सायक्लिन डी-१ हे त्यांपैकी एक. खुद्द पीआरचे जनुकही याच मार्गाने सुरू होते. म्हणजे पीआर दिसणे हा ईआर नुसता हजर नसून कामही करतो आहे याचा पुरावा ठरतो, आणि पीआर निगेटिव्ह असेल तर पेशीने वाढीचा दुसरा एखादा मार्ग धरल्याची शंका डॉक्टर घेतात. एका ओळीतल्या फरकाने आमचे तज्ज्ञ का थबकले होते, ते मला त्या दिवशी नीट उमगले. वर्गात हा धडा शिकवताना पीआरला मी इतके महत्त्व कधी दिले नव्हते.

हर-टूची गोष्ट निराळी. हा ग्राही पेशीच्या पटलावर असतो, त्यामुळे स्लाइडवर केंद्रकाऐवजी पेशीच्या कडेला तपकिरी रेघ दिसते. त्याला स्वतःचे असे संप्रेरक अजून कुणालाही सापडलेले नाही. हर-तीन किंवा त्याच्या इतर भाईबंदांशी, अथवा संख्या फार वाढली तर स्वतःसारख्याच दुसऱ्या रेणूशी, जोडी जमवून तो आत संकेत पाठवतो. ते संकेत दोन मुख्य वाटांनी जातात : पीआय-थ्री-के, एकेटी आणि एमटॉर यांची एक, रॅस आणि मॅप-किनेज यांची दुसरी. पहिली पेशीला जगवते, दुसरी तिला वाढायला लावते. हे ऐकून वन्सं म्हणाल्या, “म्हणजे दारात कुणी नसताना बेल वाजतच राहायची.” मॅडम हसल्या आणि हे वाक्य आपण वापरणार, असे म्हणाल्या.

दोन प्लस म्हणजे काय, हेही इथे नीट समजले. दहा टक्क्यांहून अधिक पेशींभोवती पूर्ण पण फिकट ते मध्यम रेघ दिसली की निकाल अनिर्णित ठरतो. गडद असती तर तीन प्लस, आणि मग ट्रॅस्टुझुमॅब हे हर-टूवरचे इंजेक्शन सुचवले गेले असते. अनिर्णित निकालावर जनुकाच्या प्रती मोजाव्या लागतात. सतराव्या गुणसूत्रावर हर-टूचे जनुक असते; फिश तपासणीत त्याचे आणि त्या गुणसूत्राच्या मध्यभागाचे ठिपके वेगवेगळ्या रंगांत चमकवून मोजतात. गुणोत्तर २ किंवा जास्त आणि जनुकाच्या सरासरी प्रती ४ किंवा जास्त असल्या, तर हर-टू पॉझिटिव्ह. आमचे गुणोत्तर त्याच्या बरेच खाली आले.

माझी पहिली तक्रार याच टप्प्यावरची आहे. फिश इथे होत नाही. नमुना मुंबईला पाठवला जातो. त्यात गैर काही नाही, सगळीच यंत्रणा सांगलीत असावी अशी अपेक्षाही नाही. पण हे अर्ज भरतानाच सांगायला हवे. आम्हाला ते निकाल ‘अनिर्णित’ आल्यावर कळले, मग नव्याने पैसे भरायचे, मग कुरियरची वाट पाहायची, आणि या सगळ्यात वन्संचा मुलगा बेदाण्याचे शेड सोडून दर वेळी तासगावहून येणार. फिशचा खर्च मूळ तपासणीपेक्षा कितीतरी जास्त असतो. ज्यांनी तेवढी तजवीज केलेली नाही, त्यांनी तिथेच अडकायचे का? दोन प्लस हा काही दुर्मिळ निकाल नाही. ‘पुढे फिश लागू शकते, ती बाहेर होते, अंदाजे इतका खर्च येतो’ एवढे छापलेले पत्रक पावतीसोबत दिले तरी पुरेल.

दुसरी तक्रार खासगीपणाची. काउंटरवर नाव पुकारताना तपासणीचेही नाव मोठ्याने घेतात. बाकांवर बसलेल्या सगळ्यांना कुणाला काय झाले आहे ते कळते. गावाकडच्या बायका अजूनही ही गाठ महिनोन्‌महिने घरात लपवून ठेवतात. त्यांना इथवर आणल्यावर तरी जपले पाहिजे. याउलट अथणीकडून आलेल्या एका आजींशी तीच काउंटरवरची मुलगी सहज कानडीत बोलली आणि फॉर्मलिनची बरणी आडवी धरू नका, हे तिने त्यांना दोनदा समजावले. मिरजेच्या दवाखान्यांकडे कर्नाटकातून येणाऱ्या रुग्णांची संख्या पाहता ही सोय छोटी नाही.

रिपोर्ट फक्त इंग्रजीत असतो. मूळ रिपोर्ट इंग्रजीतच असावा हे मान्य, कारण तो पुण्यात किंवा परळच्या टाटा रुग्णालयात दाखवायची वेळ येऊ शकते. पण मॅडम समोर बसून जे सांगतात त्याचा अर्धा पानभर मराठी सारांश जोडायला काय हरकत आहे, हे मला कळले नाही.

की-६७ च्या बाबतीत मात्र लॅबने दाखवलेला सावधपणा मला आवडला. हा आकडा पेशी किती वेगाने विभागत आहेत ते सांगतो आणि नातेवाईक त्यालाच धरून बसतात. १८ टक्के चांगले की वाईट, असे आमच्या भाच्याने तीन-तीनदा विचारले. रिपोर्टच्या तळटिपेत लिहिले होते की हा आकडा मोजणाऱ्यागणिक बदलतो आणि मधल्या पट्ट्यात त्यावर एकट्याने निर्णय घेऊ नये. ते बरोबरच आहे : ५ टक्क्यांच्या आत किंवा ३० टक्क्यांच्या वर असेल तेव्हाच त्याला ठाम वजन देण्याकडे तज्ज्ञांचा कल आहे.

नव्या रिपोर्टवर पुढे काय झाले, तेही नोंदवते. पाळी गेलेल्या स्त्रीमध्ये अंडाशय थांबलेले असतात, तरी चरबीच्या ऊतीतले अॅरोमॅटेज हे विकर इस्ट्रोजेन तयार करत राहते. म्हणून वन्संना लेट्रोझोल, रोज २.५ मिलिग्रॅम, सुरू झाली. ही गोळी ईआरला हातही लावत नाही, त्याला मिळणारे इस्ट्रोजेनच तोडते. पाळी चालू असणाऱ्या तरुण रुग्णांना बहुतेकदा मिळणारी टॅमॉक्सिफेन मात्र थेट ईआरवर जाऊन बसते आणि स्तनात त्याला अडवते, तर गर्भाशयाच्या अस्तरात काहीसे उत्तेजनही देते. लेट्रोझोलने हाडे ठिसूळ होतात, त्यामुळे हाडांची घनता मोजून कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वही लिहून दिले. हा भाग लॅबचा नाही. पण लॅबने नेमके आकडे दिले नसते तर इथवर इतक्या निःशंकपणे येता आले नसते.

एक विषयांतर करते. १८९६ मध्ये ग्लासगोच्या जॉर्ज बीटसन यांनी स्तनाच्या पसरलेल्या कर्करोगात अंडाशय काढल्यावर गाठी आक्रसल्याचे नोंदवले, तेव्हा इस्ट्रोजेन हे नावही अस्तित्वात नव्हते. ग्राही असतो हे शिकागोच्या एल्वूड जेन्सन यांनी किरणोत्सारी संप्रेरक वापरून दाखवले, आणि पुढे बरीच वर्षे ही तपासणी ताजी, गोठवलेली ऊती कुटून करावी लागे. मेणाच्या ब्लॉकवर प्रतिपिंडाने रंगवण्याची पद्धत आल्यामुळेच आज हे काम विश्रामबागेत होऊ शकते. म्हणून ‘मुंबईशिवाय काही खरे नाही’ हे आपल्याकडचे ठरलेले वाक्य या तपासणीला सरसकट लागू करू नये. ईआर अल्प पॉझिटिव्ह आला, किंवा गाठीचे रूप आणि ग्राहींचा निकाल एकमेकांशी जुळत नसले, तर मात्र स्लाइड मोठ्या केंद्रात दाखवावी. तसे या लॅबनेही आपणहून सांगितले. रोग पुन्हा उलटला तर जुन्या रिपोर्टवर विसंबून न राहता नव्या गाठीचा तुकडा पुन्हा तपासावा लागतो, कारण ग्राही बदलू शकतात, आणि ईएसआर-१ या, ईआर बनवणाऱ्या, जनुकातले बदल शोधण्याची सोय त्यांच्याकडे नाही, हेही त्यांनी न विचारता सांगितले.

दर पुण्यापेक्षा किंचित कमी आहेत. गाडी लावायला जागा नाही, रस्त्यावरच लावावी लागते. जिना चढवत नसेल तर नमुना खाली येऊन घेतात, मात्र त्यासाठी आधी फोन करावा. मॅडमची भेट हवी असल्यास रिपोर्ट घेतानाच वेळ मागून ठेवावी, नंतर ती सहज मिळत नाही. ब्लॉक आणि स्लाइड परत घ्यायला रुग्णाचे ओळखपत्र आणि मूळ पावती दोन्ही लागतात. ब्लॉकवर कोरलेला क्रमांक रिपोर्टवरच्या क्रमांकाशी आपल्यासमोर जुळवून सही घेतात. शनिवारी दुपारनंतर हा विभाग बंद असतो.